दुपारचा रीस्टार्ट

१

आमच्या सर्व्हिसला दुपारचं ऊन सोसत नाही, असं मी गमतीने म्हणायचे. खरं म्हणजे आमचा सर्व्हर जळगावात नाहीच. तो दूर कुठल्या तरी शहरात, स्वेटर घालून बसावं लागेल अशा थंड खोलीत, भाड्याने घेतलेला. ऊन सगळं आमच्या वाट्याला. नव्या पेठेत बियाण्यांच्या दुकानावर आमची एक खोली. खाली कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आणि फवारणीच्या औषधांचा उग्र वास, वर मी, भूषण आणि धाप लागलेला एक कूलर. तरी जेवणाची वेळ जवळ आली की गुदमरायचा तो सर्व्हरच. कॉल मधेच लोंबकळायचे, पडद्यावरचे दिवे अडकून बसायचे आणि भूषण जागेवरून ओरडायचा, "चारुलताबाई, तुमचं बाळ परत झोपलं!"

बाळ म्हणजे 'खुशाली'. मुलगा सुरतला नाहीतर पुण्याला आणि आई किंवा वडील गावात एकटे, अशा घरांसाठी आम्ही ती केली. घरात एक पांढरी डबी बसवायची. सकाळी डबी माझ्या आवाजात विचारते, "अक्का, कशा आहात?" पुरुष असतील तर, "आबा, कसे आहात?" समोरचं माणूस बोलतं, ते बोलणं मुलाच्या मोबाईलवर जातं आणि आमच्या पडद्यावर त्या घराचा दिवा हिरवा होतो. दिवसभरात उत्तर आलं नाही तर दिवा लाल होतो आणि आम्ही शेजाऱ्यांना फोन करतो. म्हातारं माणूस घरात पडून राहिलं आणि कुणाला कळलंच नाही, असं होऊ नये, यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

बोलणं संपलं हे डबीला कसं कळावं, यावरून सुरुवातीला आमचं भांडण झालेलं. भूषणने तिला 'बाय' आणि 'धन्यवाद' शिकवलं होतं. आमच्या अक्का-आबांपैकी कुणीही जन्मात बाय म्हणालं नव्हतं, त्यामुळे डबी आपली ताटकळत बसायची. मग मी तिला आपले शब्द शिकवले. येतो, येते, अहिराणीतलं येस, येऊ का; थोडक्यात, 'ये'ने सुरू होणारं काहीही. उंबऱ्यावर 'जाते' म्हटलं तर माझी आई तोंडावर चापट द्यायची, मोठ्या माणसांना मी काय शिकवणार? 'येते' ऐकलं की डबीने उत्तर द्यायचं, "या हं. काळजी घ्या." तेही माझ्याच आवाजात. हे एक वाक्य सगळ्या डब्यांना मिळून एकच होतं. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

गुदमरण्याचं कारण शोधायला हवं होतं. ते चिकट काम होतं आणि मला कंटाळा आला. म्हणून मी सर्व्हरवर एक ओळ टाकली की रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सर्व्हिस आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावी. आमच्या शेतातली मोटार रुसली की माझे वडील असंच करतात. बंद करायची, दोन शिव्या द्यायच्या, चालू करायची.

रीस्टार्ट झाला की सगळे दिवे आधी राखाडी व्हायचे, मग एकेक डबी जोडली जाऊन हिरवे होत जायचे. आणि जोडली गेलेली प्रत्येक डबी पुन्हा एकदा विचारायची, "अक्का, कशा आहात?" ते मी काढून टाकणार होते. भूषण म्हणाला, "राहू दे. दुपारी म्हाताऱ्या माणसांना कोण विचारतं?"

२

जेवताना मी रेकॉर्डिंग ऐकायचे. तसं ऐकणं बरोबर नव्हतं, पण भूषण जेवायला घरी जायचा आणि एकटीला डबा गोड लागायचा नाही.

पहिलं आबांचं. आबा म्हणजे माझेच वडील, चुडामण पाटील, मुक्काम सावदा. आई गेल्यावर मीच त्यांच्याकडे डबी बसवली. ते डबीला डबी मानतच नाहीत. "अवं चारू, मले समजत नही का तूच आहेस ते? कसे आहात म्हने! बापाले आहात-जाहात कधीपासून कराले लागली?" मग केळीच्या घडांची हकिगत, मग शेजाऱ्याची चुगली, आणि शेवटी, "येतो मंग." मी घास चावत हसायचे. घरी फोन करायला मला सवड होत नसे, पण हे रोज ऐकायचे, त्यामुळे बोलल्यासारखंच वाटायचं. त्यांनाही वाटत असावं.

दुसरं यशोदा अक्कांचं. शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या बाजूला त्यांचं गाव. मुलगा अभिमन सुरतला. डबी बसवायला मीच गेले होते. अक्कांनी मला कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला घातला, डबी बाहेरच्या खोलीत देवाच्या फळीवर ठेवून घेतली आणि तिच्याकडे बघून विचारलं, "आनी आते तू यामा राहशी का?" हो, आता यातच राहीन, मी म्हणाले. रोज सकाळी त्या डबीला सांगायच्या, "बरी शे व माय. तू जेवनी का?" मी डबीतून काही उत्तर देऊ शकत नव्हते, पण त्या थोडं थांबायच्या. मी जेवले असेन असं समजून मग म्हणायच्या, "चाल, येस मी."

३

त्या दिवशी ऊन असं होतं की दुकानदाराने खालचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं होतं. रीस्टार्ट झाला, दिवे राखाडी झाले, हिरवे झाले. मी डबा उघडला आणि अक्कांचं दुपारचं रेकॉर्डिंग लावलं.

माझा आवाज: "अक्का, कशा आहात?"

मग पंख्याची घरघर. बराच वेळ तेवढंच. मग लांबून, आतल्या खोलीतून, भांडं फरशीवर आपटल्यासारखा आवाज. पुन्हा तसाच. मग अक्का. आवाज दबलेला, उशीत तोंड घालून बोलावं तसा.

"ये... ये व माय... ये..."

लगेच माझा आवाज: "या हं. काळजी घ्या." आणि कॉल संपला. दिवा हिरवा.

माझा घास हातातच राहिला. अक्कांकडे एक शेळी होती, ढवळी नावाची. तिला त्या ये-ये करूनच बोलवायच्या, मी स्वतः ऐकलं होतं. शेळी स्वयंपाकघरात घुसली असेल, भांडं तिनेच पाडलं असेल. शिवाय दिवा हिरवा होता. शेजारच्या कोकिळाबाईंचा नंबर माझ्यासमोर पडद्यावर होता. फोन केला असता तर बाईंनी विचारलं असतं, का हो, डबी बिघडली का? आणि त्याच आठवड्यात भूषण एका हॉस्पिटलच्या ट्रस्टला खुशाली दाखवणार होता. कशाला उगाच, असं वाटलं मला. हो, अगदी हेच शब्द मनात आले.

मी पोळीभाजी संपवली. ताकही प्यायले.

४

दुसऱ्या दिवशी रीस्टार्ट झाला तेव्हा मी पडद्याकडेच बघत होते. सगळे दिवे राखाडी झाले. एक झाला नाही.

सर्व्हिस बंद असताना कुठलाच दिवा हिरवा राहू शकत नाही. त्याला विचारणारंच कुणी नसतं. पण बाकीचा पडदा राखेसारखा झालेला असताना शिरपूरकडचा तो एक दिवा तसाच होता, आणि सर्व्हिस सुरू झाल्याबरोबर सगळ्यांच्या आधी त्याचं रेकॉर्डिंग येऊन पडलं.

भूषण जेवून आल्यावर मी त्याला सांगितलं. तो दात कोरत म्हणाला, "पडदा जुनं चित्र दाखवत असेल. रिफ्रेश कर." मीही तोच निष्कर्ष काढला होता. माझं डोकं तसंच चालतं, आणि एरवी ते बरोबरही असतं.

रेकॉर्डिंगमध्ये पंखा होता. भांड्याचा आवाज नव्हता. "ये... ये..." होतं. मग माझं "या हं". शेळीची रोजचीच खोडी दिसते, असं मी स्वतःला समजावलं. पण आवाज आदल्या दिवशीपेक्षा जवळून येत होता. आतल्या खोलीतून नाही, मधल्या दारातून यावा तसा. म्हणजे अक्का हिंडत-फिरत होत्या. हिंडतं-फिरतं माणूस पडलेलं नसतं. या विचाराने मला इतकं हायसं वाटलं की मी आबांचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं.

त्यानंतर रोज तेच. रोज दिवा तसाच राहायचा आणि रोज आवाज थोडा पुढे सरकलेला असायचा. एके दिवशी सुरतहून अभिमनभाऊंचा फोन आला.

"ताई, आई सकाळचं काही बोलतच नाही. दुपारचं येतं तेही एवढंसं. डबी बरोबर आहे ना?"

"दिवा हिरवा आहे, भाऊ," मी म्हणाले. "उन्हाने दमत असतील."

"आणि कुणाला ये म्हणते?"

"ढवळीला," मी म्हणाले.

ते हसले. "ढवळी तर मागच्या महिन्यात विकली ताई. आईच्याने होत नव्हतं." मग स्वतःच म्हणाले, "सवय जात नसंल."

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर कोकिळाबाईंचा नंबर काढला, बोट त्यावर नेलं आणि भूषण म्हणाला, "ट्रस्टवाले आले, चल." मी गेले. प्रश्न विचारणारे विचारत होते आणि मी सांगत होते की आमच्याकडे एकही माणूस पडून राहत नाही.

५

नंतर कोकिळाबाईंचाच फोन आला.

"बाई, यशोदा अक्का गयी व. रांधनीघरमा पडेल व्हती. दार आतून लायेल, कोनले समजनं नही. वास उना तव्हय समजनं." आणि मग रडत रडत, "तुमनी डबी काय करी राह्यनी व्हती, बाई?"

फोन भूषणने घेतला.

संध्याकाळी त्याने शिरपूरच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. चुलीपाशी पडल्या, मांडीचं हाड मोडलं. पहिल्याच दिवशी, संध्याकाळच्या आत प्राण गेला असणार. जागेवरून हललेल्या नाहीत. हाताशी एक पितळी गडवा होता, त्याला पोचे आलेले.

"म्हणजे आपण सुटलो," भूषण म्हणाला. "संध्याकाळच्या आत गेल्या. दिवा लाल व्हायच्या आधीच."

पहिल्या दिवशी दुपारी त्या जिवंत होत्या. माझा आवाज आला म्हणून त्यांनी मला हाक मारली. ये म्हणाल्या. मी डबीला शिकवून ठेवलं होतं की ये हा निरोपाचा शब्द आहे, म्हणून त्यांच्या हाकेला मी या म्हणाले, काळजी घ्या म्हणाले आणि फोन ठेवला. आणि ते सगळं ऐकून मी जेवले. हे मी भूषणला सांगितलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग जाऊ नये असं वाटलं, असं म्हणता येईल, पण ते खोटं आहे. मला स्वतःला वाचवायचं होतं.

मी त्याला फक्त एवढं विचारलं, "मग पुढच्या दिवसांची रेकॉर्डिंग कुणाची?"

त्याने एक-दोन ऐकली. "तेच तेच परत लागतंय. पहिल्या दिवसाचं अडकलंय," तो म्हणाला. मग शेवटचं ऐकलं. त्यात आवाज डबीच्या अगदी समोरून येत होता, श्वाससुद्धा ऐकू येत होता. भूषणने कानातलं काढून ठेवलं आणि तो पाणी प्यायला गेला. त्या विषयावर तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

६

मी अक्कांचं नाव यादीतून काढलं. दिवा राहिला. शेजारी नाव नाही, नुसता हिरवा ठिपका.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी रोज दुपारी काय करत होते. सर्व्हिस बंद करायची, चालू करायची, आणि चालू झाली की माझ्या आवाजात विचारायचं, अक्का, कशा आहात? त्या माऊलीने जन्मभर विचारणाऱ्याला उत्तर दिलं होतं. दाराशी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय सोडलं नव्हतं. विचारल्यावर गप्प राहणं त्यांना जमणार होतं का? रोज दुपारी मी त्यांना फरशीवरून उठवत होते.

म्हणून मी रीस्टार्टची ती ओळ काढून टाकली. त्या दुपारी सर्व्हिस गुदमरली. असोद्याच्या एका आजोबांना चक्कर आली होती, ते डबीशी बोलत राहिले आणि त्यांचं बोलणं कुठेच पोचलं नाही. नशिबाने त्यांची सून शेतातून लवकर आली. भूषण माझ्यावर ओरडला आणि ते रास्तच होतं. इतकी घरं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला काय, तर एक ठिपका. मी ओळ परत टाकली.

दिवसकार्य उरकून अभिमनभाऊ सुरतला परतताना आमच्याकडे आले. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. डबी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत आणली होती, वायर नीट गुंडाळून. मी वाट पाहत होते की ते मला काहीतरी बोलतील. त्यांनी डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, तुमचा आवाज तरी होता तिला. तेवढाच आधार." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

७

डबीत बॅटरी नसते. ती माझ्या टेबलावर, वायर गुंडाळलेली, पिशवीतच होती. दुपारी रीस्टार्ट झाला आणि ठिपका हिरवाच राहिला. आता ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं. भूषण जेवायला गेल्यावर ऐकलं.

"अक्का, कशा आहात?"

पंख्याची घरघर नव्हती. त्याऐवजी दुसरीच धापेची घरघर होती, मधेमधे पाणी टपकल्यासारखी. ओळखायला मला वेळ लागला, कारण तो आवाज माझ्या दोन्ही कानांत होता. एका कानात रेकॉर्डिंगमधून आणि दुसऱ्या कानात खोलीतून. तो आमचाच कूलर होता. मग रेकॉर्डिंगमध्ये खाली शटर खडखडलं. मग डबा उघडल्याचा आवाज आला, माझ्या डब्याचा. आणि मग कुणीतरी जिना चढून आल्यावर घेतं तसा एक लांब श्वास.

"बरी शे व माय," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्रास नव्हता. "तू जेवनी का?"

त्या थांबल्या. नेहमीसारख्या, माझ्या उत्तरासाठी.

"चाल. येस मी."

"या हं," माझा आवाज म्हणाला. "काळजी घ्या."

मी खुर्चीत बसून होते. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. भिंतीला लावलेल्या स्टीलच्या कपाटात खोलीचं पुसट प्रतिबिंब दिसतं, त्यात मला मी दिसत होते, आणि माझ्या खुर्चीच्या मागे, जमिनीलगत, लुगड्याच्या काठासारखं काहीतरी हिरवं होतं. ते उभ्या माणसाचं नव्हतं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कपाटात एकटी मीच होते, आणि मला रडू येत होतं.

८

रात्रभर विचार करून मला एकच गोष्ट सुचली आणि ती इतकी साधी होती की आधी का सुचली नाही याची लाज वाटली. अक्का रोज येस म्हणत होत्या आणि मी रोज या म्हणत होते. बोलावलेलं माणूस येणारच. त्यांना कुणीतरी जा म्हणायला हवं होतं.

आपल्यात असं कुणी कुणाला म्हणत नाही. दारातून तर नाहीच, आणि मोठ्या माणसाला तर मुळीच नाही. सकाळी भूषण बँकेत गेला होता तेव्हा मी माईक लावला. 'अक्का' म्हणून पुढे तसं बोलायला जीभ वळेना, म्हणून मी हाक गाळली. नुसतं म्हणाले, "आता जा. परत येऊ नका." होईल तितक्या मायेने म्हणाले.

निरोपाचं वाक्य सगळ्यांना एकच आहे, हे मला माहीत होतं. मीच तसं केलं होतं. माझा बेत असा होता की 'या हं'च्या जागी हे नवीन ठेवायचं, तो एक ठिपका तेवढा सर्व्हिसच्या बाहेरून, हाताने जोडून बघायचा (तसं जोडताना वाक्य नव्याने वाचलं जातं), त्या बोलल्या की जुनं वाक्य परत जागेवर. पाच मिनिटांचं काम. सकाळचे सगळ्यांचे कॉल उरकलेले होते आणि दुपारच्या रीस्टार्टला अजून अवकाश होता.

नवीन वाक्य ठेवलं आणि अभिमनभाऊंचा फोन आला.

त्यांना काही नको होतं. सुरतला खोलीवर एकटे होते, कामावर गेले नव्हते. "ताई, एकच विचारतो. शेवटचं तुम्ही ऐकलं असंल. आई काय बोलली?"

मी सांगू शकले असते. त्या माणसाला ते कळण्याचा हक्क होता. मी म्हणाले, "नेहमीसारखंच, भाऊ. बरी आहे म्हणाल्या. जेवलीस का विचारलं. येस म्हणाल्या."

ते रडायला लागले. मग आईच्या गोष्टी सांगू लागले. लहानपणी ते हरवले होते ती, शाळेच्या सहलीची, कळण्याच्या भाकरीची. खोटं बोललेल्या माणसाला फोन ठेवता येत नाही. मी हं हं करत राहिले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पेठेत चिटपाखरू नव्हतं. खाली दुकानदाराने शटर ओढलं, तेव्हा मी दचकून पडद्याकडे बघितलं. जेवणाची सुट्टी झाली होती.

दिवे राखाडी झाले आणि एकेक करत हिरवे होऊ लागले.

९

"भाऊ, ठेवते," असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. सर्व्हिस थांबवायची तर कॉल सुरू झालेले, मधे तोडले तर कुणाचं काय होईल कळेना. जुनं वाक्य परत जागेवर ठेवलं, पण चालू सर्व्हिस ते उचलत नाही. पुढच्या रीस्टार्टपर्यंत ती नवीनच बोलणार होती. हेही मला माहीत होतं.

रावेरकडचा एक दिवा हिरवा झाला, थोडा वेळ राहिला आणि राखाडी झाला. मग चोपड्याकडचा. बोलणं संपल्यावर दिवा राखाडी कधीच होत नाही. मग असोद्याचा. मी सावद्याचा शोधला. तो हिरवा होता. मी आबांचा चालू कॉल कानाला लावला.

"...आन त्या केळीच्या बागेले पानी दिलं सकायी. तू काय करू राह्यली? जेवली का? बरं, ऊन लय आहे, पडतो जरा. येतो मंग, चारू."

"आबा!" मी पडद्याला ओरडले. तिकडे माझं काही ऐकू जात नाही.

माझाच आवाज म्हणाला, मायेने म्हणाला, "आता जा. परत येऊ नका."

तिकडे पंखा फिरत होता. आबा हसतील अशी मी वाट पाहिली. अवं, बापाले जा म्हनते का, असं म्हणतील. बाजेची दोरी करकरली. मग, शाळेत असताना मी मार्क कमी आणले की ते बोलायचे त्या आवाजात, जरासं खाली बघून बोलल्यासारखं:

"बरं माय. तू म्हनते त... जातो."

उभ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. आई गेली त्या दिवशीही ते तिला म्हणाले होते, येतो गं मी, हो पुढे.

सावद्याचा दिवा राखाडी झाला.

मी घरी फोन लावला. तो स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला, तिकडे रिंग वाजतेय, वाजतेय. शेजारच्या काकांना लावला, ते रावेरला बाजारात आहेत, घरी माणूस पाठवतो म्हणाले. पुन्हा घरचा लावला. आबा कधी कधी कूलर लावून झोपतात आणि मग त्यांना ऐकू येत नाही. लाईट गेली असेल तर डबी बंद पडते, दिवा राखाडी होतो, यात नवल काही नाही. उन्हाळ्यात सावद्याला रोज लाईट जाते.

रीस्टार्टचं बटण समोर आहे. दाबलं की डबी जोडली जाईल, माझा आवाज विचारेल, आबा, कसे आहात? आणि ते उत्तर देतील. असले तरी देतील, नसले तरी देतील. दोन्ही वेळा दिवा हिरवाच होईल आणि मला त्यातून काहीही कळणार नाही. फक्त एवढं नक्की, की ते नसले तर मी त्यांना उठवलेलं असेल, आणि उद्या दुपारी पुन्हा उठवीन.

हे सगळं मला नीट समजत होतं. तरी मी बटण दाबलं.

सावद्याचा दिवा हिरवा झाला आहे. माझ्या मांडीवरच्या फोनमध्ये घरची रिंग अजून वाजतेय, आणि तिकडे तो अजून कुणी उचललेला नाही.